'हवामान तर पहिल्यापासूनच बदलत आलंय' – मग ध्रुवांवरचा बर्फ काय सांगतो?

वेताळटेकडी (धागा काढणारी)

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात मध्यंतरी पावसाचा विषय निघाला. एक काका म्हणाले, "हवामान बदल, हवामान बदल काय लावलंय? हवामान पहिल्यापासूनच बदलत आलंय. हिमयुगं आली नि गेली. तेव्हा कुठे गाड्या होत्या?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी नोकरीभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचं उत्तर टेकडी उतरता उतरता देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हिमयुगं आली नि गेली, कबूल. पण हे आपल्याला कळलं कशावरून? बरंचसं कळलं ते ध्रुवांवरच्या बर्फातून आणि समुद्रतळाच्या गाळातून. साक्षीदार म्हणून त्यांचं अर्धं म्हणणं मान्य असेल, तर उरलेलंही ऐकून घ्यायला हवं.

अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात, समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटर उंचीवर 'डोम सी' नावाची जागा आहे. वर्षाचं सरासरी तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास. तिथे वर्षभरात पडलेला सगळा बर्फ वितळवला तर पाणी भरेल जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. म्हणजे ते एक वाळवंटच आहे. पण पडलेलं वितळत नाही, थरावर थर बसत जातात. वरच्या भुसभुशीत थरात कणाकणांतून हवा खेळती असते. वरून भार वाढतो तसा खालचा थर घट्ट होतो, आणि साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर फटी पूर्ण बंद होतात. त्या क्षणी आत असलेली हवा तिथेच कोंडली जाते. जुन्या हवेचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही, हवाच हाती लागते.

या हवेचं मोल पहिल्यांदा ज्यांच्या ध्यानात आलं त्यांत क्लोद लोरियस हे फ्रेंच शास्त्रज्ञ होते. १९६५ साली अंटार्क्टिकातल्या अदेली भूमीवर, दिवसभराचं काम संपल्यावर त्यांनी खोलवरून काढलेल्या बर्फाचे तुकडे व्हिस्कीत टाकले. बर्फ विरघळताना आतले बुडबुडे फुटू लागले. प्रचंड दाबाखाली कोंडलेली ती हवा बाहेर पडत होती. तिथून पुढची कित्येक वर्षं त्यांनी याच कामाला दिली.

डोम सीला युरोपीय देशांनी मिळून सुमारे ३,२७० मीटर खोलीपर्यंतचा बर्फ बाहेर काढला. त्यात ८ लाख वर्षांची हवा सापडली. या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत १८० ते ३०० भाग यांच्यामध्येच वरखाली होत राहिलं. हिमयुगात १८०-१९०, उबदार काळात २८० च्या आसपास. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली थेट हवेत मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५ होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे आहे.

आता मुद्दा वेगाचा. शेवटचं हिमयुग संपताना हे प्रमाण १९० वरून २६५ वर जायला सुमारे सात हजार वर्षं लागली. त्या आणि पुढच्या काही हजार वर्षांत अर्धं जग बदललं. उत्तर अमेरिका आणि युरोपवरच्या बर्फाच्या चादरी गेल्या, समुद्र १२० मीटरहून अधिक वर आला. १९५८ पासून आजपर्यंत आपण त्याहून जास्त भर घातली आहे, माझ्या वयाच्या माणसाच्या हयातीत. तेव्हा काका, हवामान बदलत आलंय हे खरंच. या वेगाने मात्र नाही, आणि तेही तोच बर्फ सांगतोय.

समुद्राबद्दल मुद्दाम थांबते. इथे जाणकार आहेत, त्यांनी भर घालावी.

बालेवाडी_फाटा

ताई, धागा आवडला. एक शंका खरोखर पडली आहे म्हणून विचारतो, वाद घालायचा म्हणून नाही. अंटार्क्टिकातल्याच 'व्होस्टोक'च्या बर्फाचा आलेख मी पाहिला आहे. त्यात तापमान आधी वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड काही शतकांनी मागून. मग कारण कुठलं नि परिणाम कुठला? ऑफिसात हा मुद्दा कुणी काढला की माझ्याकडे उत्तर नसतं.

गाळ_आणि_काळ

@बालेवाडी_फाटा, प्रश्न रास्त आहे. मी भूशास्त्राचा विद्यार्थी, समुद्रतळाच्या गाळावर काम केलंय, तेव्हा जमेल तसं सांगतो.

आधी मोजणीतली अडचण. ताईंनी लिहिलंय की हवा ६० ते १०० मीटर खोलीवर कोंडली जाते. म्हणजेच बुडबुड्यातली हवा तिच्या भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. जिथे बर्फ फार कमी पडतो तिथे हा फरक काही हजार वर्षांचा होतो. तापमान काढतात बर्फावरून, कार्बन डायऑक्साइड मोजतात हवेतून. दोन्हींची वयं जुळवताना थोडी गफलत झाली तरी कोण पुढे नि कोण मागे हे बदलतं. पुढे ही वयं अधिक काटेकोर जुळवली गेली तेव्हा अंटार्क्टिकातलं अंतर बरंच कमी भरलं.

पण अंतर आहे असं धरलं तरी अडत नाही. हिमयुगाची सुरुवात आणि शेवट कार्बन डायऑक्साइडने होतो असं कुणी म्हणतच नाही. पृथ्वीच्या आसाचा कल ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात बदलतो, आस भोवऱ्यासारखी डुलते, कक्षेचा आकारही बदलतो. त्यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्यात किती ऊन पोचतं ते ठरतं. हे गणित मिलुटिन मिलान्कोविच यांनी मांडलं. १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या गाळात हेच फेरे दाखवले, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झालं.

सुरुवात उन्हाने होते, पण तेवढ्या फरकाने हिमयुग संपत नाही. समुद्र तापू लागला की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, दक्षिण महासागरातलं खोलवरचं पाणी वर येऊन आणखी सोडतं. त्याने आणखी तापतं. बर्फ कमी झाला की काळी जमीन आणि समुद्र उघडे पडतात, ऊन परत फेकलं जात नाही, त्याने आणखी तापतं. म्हणजे कार्बन डायऑक्साइड इथे परिणामही आहे आणि पुढचं कारणही. २०१२ साली जगभरातल्या ८० ठिकाणच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा शेवटच्या हिमयुगाअखेर संपूर्ण पृथ्वीचं सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागून वाढल्याचं दिसलं. अंटार्क्टिका हे एक ठिकाण आहे, सगळी पृथ्वी नव्हे.

या वेळी ती सुरुवात उन्हाने झालेली नाही. आपण जमिनीखालचा कोळसा नि तेल जाळून थेट मधल्या पायरीवरून सुरुवात केली. आज सूर्य आणि कक्षा यांच्याकडून तापायचं काही कारण दिसत नाही, तरी तापतंय.

बालेवाडी_फाटा

आता नीट कळलं. 'परिणामही आणि पुढचं कारणही' हे ऑफिसात सांगायला सोपं आहे. धन्यवाद.

गाळात नेमकं काय बघता तेही लिहा ना.

पेठेतली_वाचक

+१. वाचते आहे. गाळाबद्दल खरंच लिहा.

गाळ_आणि_काळ

लिहितो. जहाजावरून पोकळ नळी समुद्रतळात घुसवून गाळाचा लांब दंडगोल काढतात. प्रयोगशाळेत त्याच्या पातळ चकत्या करायच्या. एक चकती ६३ मायक्रॉनच्या चाळणीत घेऊन पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायची. चिखल खाली जातो आणि वर राहते पांढुरकी भुकटी. ती वाळवून काळ्या ट्रेमध्ये पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कळतं, ही भुकटी म्हणजे इवल्या इवल्या शिंपल्यांचा खच आहे. फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची ही कवचं. अगदी बारीक ब्रशचं टोक ओलं करायचं, एकेक कवच टिपायचं आणि जातीप्रमाणे वेगळं करायचं. मान अवघडते, डोळे दुखतात, पण एकदा ओळख पटली की त्यातलं एखादं कवच लांबूनही ओळखू येतं.

या कवचांत ऑक्सिजनचे दोन प्रकार असतात, हलका आणि जड. समुद्राची वाफ होताना हलका ऑक्सिजन असलेलं पाणी जास्त सहज उडतं. हिमयुगात ते बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडलं, परत समुद्रात आलंच नाही. त्यामुळे मागे उरलेला समुद्र जड झाला आणि त्यात वाढलेली कवचंही जड. जगात एकूण बर्फ किती होता याचा हिशेब असा एका वाळूच्या कणाएवढ्या कवचातून निघतो. ध्रुवावरच्या बर्फात याच्या उलट खूण दिसते, थंड काळातला बर्फ हलका. दोन्हीकडची मोजणी वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या माणसांनी केली आणि ती एकमेकींशी जुळते. मला स्वतःला या विज्ञानावर विश्वास वाटतो तो मुख्यतः यामुळे.

आपल्या अरबी समुद्राचं तर विशेषच आहे. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची एक जात थंड, पोषक पाण्यात वाढते. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर येतं आणि ही जात माजते. गाळात तिचं प्रमाण जास्त म्हणजे मान्सूनचे वारे जोरदार. २००३ साली अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओमानजवळच्या गाळावरून दाखवलं की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा थंडावला, तेव्हा तेव्हा आपला मान्सून दुबळा झाला. ग्रीनलंडच्या बाजूला काही बिघडलं की त्याची झळ आपल्या शेतापर्यंत पोचते, ती अशी.

गुहागरची_वाट

मी राहतो कर्वेनगरला, पण घर गुहागरला. आमच्या पुळणीवर लहानपणी पाहिलेल्या सुरूच्या झाडांपैकी बरीच आता आडवी झालीत. दर मे महिन्यात गेलो की वाटतं समुद्र आणखी आत आलाय. एक सरळ प्रश्न: तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वाढत नाही असं वाचलं. मग आर्क्टिकचा बर्फ कमी झाला म्हणून आम्ही काळजी का करायची?

वेताळटेकडी

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पन्ह्याच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फाचे खडे विरघळले तरी पन्हं सांडत नाही, ते यामुळेच. आर्क्टिकचा तरंगता समुद्री बर्फ गेल्याने समुद्र वर येणार नाही. पण तो गेला की त्याच्याखालचं गडद पाणी उघडं पडतं. ताजा बर्फ पडलेला पृष्ठभाग ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो, उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता. उपग्रहांच्या नोंदीत इतका कमी तो कधीच नव्हता. उरलेल्या सगळ्या पाण्याने उन्हाळाभर ऊन पिऊन घेतलं. ती उष्णता शेजारच्या ग्रीनलंडला भोवते.

ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवर आहे, आणि प्रश्न तिथे आहे. तो संपूर्ण वितळला तर जगातला समुद्र सुमारे ७ मीटर वर येईल. अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर ५८ मीटर. सगळा लगेच वितळणार नाही, ही शतकांची, हजारो वर्षांची गोष्ट आहे. पण सुरुवात झालेली आहे. ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की पातळी एक मिलिमीटर वाढते. २००२ पासून उपग्रहांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बदल टिपून बर्फाचं वजन केलं, त्यात ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या घरात बर्फ गमावतो आहे असं दिसलं. १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढला. २००६ नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर. यातला सगळ्यात मोठा वाटा जमिनीवरच्या वितळत्या बर्फाचा आहे, आणि त्याखालोखाल तापलेलं पाणी फुगतं त्याचा. आपण कोंडलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे.

यातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट तर वेगळीच आहे. बर्फाची चादर इतकी जड असते की ती भोवतालचं समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरते. ती हलकी झाली की ही ओढ कमी होते. त्यामुळे ग्रीनलंड वितळला की ग्रीनलंडच्या जवळपास पातळी उलट खाली जाते आणि दूरच्या समुद्रात सरासरीपेक्षा जास्त वाढते. आपण त्या दूरच्यांत आहोत.

गाळ_आणि_काळ

@गुहागरची_वाट, एक जपून सांगायला हवं. पुळण खचण्यामागे समुद्राची पातळी हे एकच कारण नसतं. खाडीतला वाळूउपसा, जेट्टी, किनाऱ्यावर घातलेल्या दगडी भिंती, वर नदीवर बांधलेली धरणं, सगळ्यांमुळे वाळूची ये-जा बिघडते. तुमच्या सुरूंचं नेमकं काय झालं हे तिथे मोजमाप केल्याशिवाय सांगता येणार नाही. पातळी वाढली की भरतीच्या लाटा आणि वादळाची फुगवट आणखी वरपर्यंत पोचते, एवढं मात्र नक्की.

मैत्रीतला_हिवाळा

मी भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकात 'मैत्री' स्थानकावर हिवाळा काढला आहे. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, यंत्रांची देखभाल करायला. थोडं प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो.

आपली पहिली मोहीम १९८१-८२ ची, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. पहिलं स्थानक 'दक्षिण गंगोत्री' तरंगत्या हिमफळीवर (जमिनीवरून समुद्रावर पसरलेल्या जाड बर्फावर) बांधलं होतं. बर्फ साचत गेला आणि ते त्यात गाडलं गेलं, सोडून द्यावं लागलं. म्हणून १९८९ साली 'मैत्री' शिरमाकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर उभारलं. शेजारी प्रियदर्शिनी तळं आहे, प्यायचं पाणी तिथलंच. 'भारती' २०१२ पासून आहे, ती आणखी पूर्वेला. हे सगळं काम गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतं. आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 'हिमाद्री'ही आहे.

दोन महिने सूर्य उगवत नाही, तेव्हा बाहेर समुद्र गोठत जातो. इतका की दर हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवती मूळ खंडाहून मोठा बर्फाचा पट्टा तयार होतो. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं. ते खारं, थंड, जड पाणी तळाशी जातं आणि तळातळाने जगभर पसरतं. आमच्याबरोबरचे संशोधक म्हणायचे, महासागराच्या खोल भागाला ताजा प्राणवायू पोचतो तो याच पाण्याबरोबर. हिमनद्या वितळून गोडं पाणी मिसळलं की हे बुडणं मंदावतं.

२०२३ ची बातमी वाचली तेव्हा मला अस्वस्थ व्हायला झालं. त्या फेब्रुवारीत तिथला समुद्री बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन भराच्या दिवसांत, तो १७० लाखांवरही पोचला नाही. १९७९ पासूनच्या नोंदीत दोन्ही नीचांक. ज्यांनी तो समुद्र पांढरा पाहिलाय त्यांना हा आकडा वेगळा लागतो.

पेठेतली_वाचक

किती मोलाचं लिहिलंत. तुमच्या हिवाळ्यावर वेगळा धागा काढाच, ही आग्रहाची विनंती.

माझा प्रश्न घरचा आहे. माझी लेक विचारते, पुण्यातल्या पावसाचा या सगळ्याशी काय संबंध? शाळेत प्रकल्प आहे.

वेताळटेकडी

लेकीला सांगा, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं पुण्याशी जवळचं नातं आहे. १८८० च्या दशकात हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना दिसलं की हिमालयात हिवाळ्यात नि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमी पडतो. त्यावरून १८८६ साली मान्सूनचा पहिला अधिकृत अंदाज दिला गेला. पुढे १९२८ साली वेधशाळेचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या चौकाला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो ते त्यामुळे. तिला तो चौक दाखवा आणि मग हे सांगा, लक्षात राहील.

आताचं संशोधन पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालतं. तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की हिंदी महासागर १९५० ते २०२० मध्ये सुमारे १.२ अंशांनी तापला. तापलेल्या अरबी समुद्रात वादळांना जोर मिळतो. ३ जून २०२० चं 'निसर्ग' आठवत असेलच, कोकणात आदळून इथपर्यंत आलं आणि पुण्यात झाडं पडली.

ध्रुवाशी थेट संबंध सांगणारं कामही आहे. २०२१ साली वास्कोच्या केंद्रातल्या संशोधकांनी आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांची सांगड घातली. त्यांनी शक्यता म्हणून ती मांडली आहे, लेकीनेही तशीच मांडावी. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एकतानगरीत पाणी शिरलं त्याचं खापर आर्क्टिकवर फोडू नये. नदीच्या पात्रात आपण काय काय केलंय ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

बालेवाडी_फाटा

बर्फात आपल्या महाराष्ट्राची काही नोंद सापडली आहे का? उगाच उत्सुकता.

गाळ_आणि_काळ

सापडली आहे, ध्रुवावर नव्हे, तिबेटात. १९९७ साली लॉनी थॉम्पसन यांच्या गटाने दासुओपू हिमनदीवर ७,२०० मीटर उंचीवर भोकं पाडून बर्फ काढला. त्यात १७९० ते १७९६ च्या थरांत धूळ आणि क्लोराइड एकदम वाढलेलं आहे. मान्सून फसला, जमिनी उघड्या पडल्या, माती उडाली. १७९१-९२ चा दुष्काळ, ज्याला कवट्यांचा दुष्काळ म्हणतात, तो याच काळातला. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई. दख्खनमध्ये इतकी माणसं मेली की मागे राहिलेल्यांना दहन-दफन झेपलं नाही.

आता दुसरी नोंद. मानसरोवराजवळच्या गुर्ला मांधात्यावर २००६ साली असाच बर्फ काढला. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ जगभरच्या बर्फात एका ठरावीक थरात मिळते, वय ठरवायला तिचा आधार घेतात. गुर्ला मांधात्यावर तो थर मिळालाच नाही. वरचा बर्फ, गेल्या निदान पन्नास वर्षांचा, वितळून गेला होता. म्हणजे पुढच्या कुणाला आपल्या काळातला मान्सून तिथून वाचता येणार नाही. हिमनदीचं पाणी जातं त्याची चर्चा होते, ही गेलेली नोंद कुणाच्या हिशेबात नसते. मला ते फार लागतं.

अंटार्क्टिकातून मात्र चांगली बातमी आहे. डोम सीजवळच 'लिटल डोम सी' इथे जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटरवर खडक लागला. त्यात १२ लाख वर्षांहून जुना बर्फ आहे. सुमारे १० लाख वर्षांपूर्वी हिमयुगांचा फेरा ४१ हजारांवरून लाखभर वर्षांवर का गेला, हे कुणाला पक्कं सांगता आलेलं नाही. ती हवा आता युरोपातल्या प्रयोगशाळांत मोजायला घेतली आहे.

वेताळटेकडी

आमच्या गटातल्या काकांना या धाग्याचा दुवा पाठवला आहे. ते सगळं वाचताहेत, आणि समुद्री बर्फाबद्दल त्यांचे दोन प्रश्न आलेत. @मैत्रीतला_हिवाळा, ते तुमच्यासाठीच आहेत, उद्या इथे टाकते.

आणि @पेठेतली_वाचक, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास पाषाण भागातल्या बऱ्याच संस्था शाळांना आणि लोकांना आत येऊ देतात. लेकीला घेऊन या, मी बरोबर येईन. आणखी कुणाला यायचं असेल तर खाली नाव लिहा.

पेठेतली_वाचक

आम्ही दोघी नक्की.

गुहागरची_वाट

मी आणि भाचा.